कोरड्या हौदाचं इन्स्पेक्शन

"पाठक, इथं तर माझ्या घरापेक्षा बरं आहे," असं म्हणून साहेब मखमली लोडाला रेलले.

मी खूश झालो. वरिष्ठ खूश झाले की आपणही खूश व्हायचं, एवढंच ट्रेनिंग मला नोकरीत नीट मिळालं होतं.

जागा होती लातूरच्या मोंढ्यातलं, म्हणजे धान्याच्या बाजारातलं, एक जुनं गोदाम. पूर्वी तिथं तुरीची आणि करडईची पोती असायची. आता वीस-बावीस बेघर माणसं राहत होती. एरवी ती सतरंजीवर, पोत्यावर, जे मिळेल त्यावर झोपायची. त्या दिवशी मात्र प्रत्येकाला खाट होती, खाटेवर गादी, गादीवर पांढरी चादर. चादरीला सुरकुती पडू नये म्हणून मी कुणालाही खाटेवर बसू दिलं नव्हतं. सगळे आपापल्या खाटेशेजारी उभे होते, ग्रुप फोटोला बोलावल्यासारखे.

बाहेर हौद होता. तो काठोकाठ भरलेला होता. त्या साली लातुरात काठोकाठ भरलेली दुसरी वस्तू नव्हती. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. बाया आडात उतरून वाटीनं पाणी भरायच्या. आणि इथं साहेब हौदात बोटं बुडवून पाहत होते.

"टँकर येतो वेळेवर?"

"येतो साहेब."

येत होता, पण अर्धा आणि एक दिवसाआड. त्या दिवशी ड्रायव्हरच्या हातापाया पडून मी जादा फेऱ्या मारून घेतल्या होत्या. ते सांगायची गरज मला वाटली नाही.

साहेब एका म्हातारीपुढं थांबले. "आजी, काही कमी आहे का?"

मी साहेबांच्या मागं उभा राहून जोरजोरात नकाराची मान हलवली. म्हातारीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"काईच कमी न्हाई बगा," ती म्हणाली.

साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. जीपपर्यंत सोडायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्या नोकरीत वरिष्ठाची मिळालेली ती एकमेव थाप.

माझं खातं कोणतं ते लिहीत नाही. त्यातले काही जण अजून पेन्शन घेतात आणि एकमेकांना फोन करतात. मी तिथं निरीक्षक होतो. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना दंडुका आठवतो. माझ्याकडं छत्री होती, आणि दुष्काळात तीही निरुपयोगी. ज्या संस्था सरकारी मदतीवर बेघरांना सांभाळतात, त्यांच्याकडं जायचं, पाहायचं आणि पाहिलेलं साहेबांना लिहून द्यायचं, हे माझं काम.

या मदतीला परिपोषण अनुदान म्हणतात. म्हणजे माणशी, महिन्याला ठरलेली रक्कम. तिच्यात जेवण, कपडा, साबण, औषध आणि मदतनीसाचं मानधन बसवायचं. नुसतं छप्पर देणं त्यामानानं सोपं. छपराखाली ज्याला स्वतःहून उठता येत नाही त्याला उठवायला माणूस लागतो, आणि खरा खर्च तिथं असतो. यातली गंमत अशी, की संस्थेनं आधी आपल्या खिशातून खर्च करायचा आणि मग सरकारनं तो भरून द्यायचा. ज्याच्याकडं पैसे आहेत त्यालाच पैसे मिळायची सोय. त्याआधी साहेबांची तपासणी. तपासणीच्या अहवालात शेवटी साहेब एक-दोन ओळी लिहितात, त्याला शेरा म्हणतात. वरची पानं मी लिहायचो, ती कुणी वाचत नसे. शेरा सगळे वाचत.

तपासणी कशी पार पाडायची हे मी नांदेडला शिकलो. एकदा हदगावच्या एका संस्थेत खाटा कमी पडल्या म्हणून आम्ही दवाखान्यातून उसन्या आणवल्या. एका खाटेबरोबर पेशंटही आला. "लई मुश्किलीनं खाट भेटली, म्या उतरनार न्हाई," म्हणाला. तेव्हा त्याला खाटेसकट हातगाड्यावर घालून आणला. तिथल्या साहेबांनी त्यालाही बेघरांत मोजलं, नाडी पाहिली आणि "आजाऱ्यांची विशेष काळजी घेतली जाते" असा शेरा मारला. संस्थेची ग्रँट वाढली. नांदेडला रीतच होती: जी संस्था चांगली दिसेल तिला पैसे. त्यामुळं तपासणीच्या आदल्या दिवशी बिछायत केंद्रातून भाड्यानं गाद्या आणणं आम्ही लबाडीत मोजत नव्हतो. पाहुणे येणार म्हणून दाढी करतो, तसंच ते.

पुढं शेजारी लातूर हा वेगळा जिल्हा झाला आणि मला तिथं पाठवलं. नवा जिल्हा म्हणजे घर वेगळं मांडलेला धाकटा भाऊ. थोरल्यानं कपाटं ठेवून घेतली आणि आम्हाला फायली दिल्या. एक टाइपरायटर दिला, त्याचा 'र' उमटत नव्हता. आमच्या पहिल्या वर्षाच्या पत्रव्यवहारात सरकार कुठंच सापडायचं नाही. ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं. साहेब माजघरात बसायचे, मी ओसरीवर. इथली रीत नांदेडपेक्षा वेगळी असू शकेल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. मी नांदेडची अक्कल ट्रंकेत घालून आणली होती, ती तशीच बाहेर काढली.

गोदाम होतं शिवलिंगअप्पांचं. अप्पा मोंढ्यातले अडते. कपाळावर विभूती, अंगात तीन बटणांचा सदरा आणि तोंडात सदा तक्रार. पण खेड्यापाड्यांतून माणसं येऊन बसस्टँडवर पडायला लागली, तेव्हा गोदामाचं कुलूप त्यांनी काढलं. "पोती न्हाईत तर मानसं ठिवतो," म्हणाले. ट्रस्ट करायला मी लावली. योजनेत मी बसवली. "सरकार पैसे देतं अप्पा, तुम्ही फक्त सुरुवात करा," हे वाक्यही माझंच.

साहेबांनी जिला विचारलं ती म्हातारी म्हणजे सोजरबाई. मूळची नायगावकडची. तिचा नवरा केरबा जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदत आला. दुष्काळ पडला की सगळ्यांना विहीर खोल करायची घाई होते. तशा एका घाईत सुरुंग वेळेआधी उडाला आणि केरबाचे दोन्ही डोळे गेले. ज्याच्या बांधावर त्यांचं खोपट होतं त्याला आता बिनडोळ्याचा गडी नको होता. सोजरबाई नवऱ्याला हाताला धरून लातूरला आली आणि बसस्टँडवर राहिली. गोदामात आल्यावर दोघं दिवसभर भांडायची. जेवताना तर हमखास.

"भाकर उजवीकडं हाय, कोरड्यास डावीकडं. मिरचीला हात लावू नगा."

"मिरची कुठं हाय?"

"सांगनार न्हाई."

मार्च तोंडावर आला आणि आदेश आला. शेरा असा होता: "संस्था सुस्थितीत आहे. पाणी मुबलक आहे. संस्था स्वबळावर चालू शकते असे दिसते. सबब अनुदानाची शिफारस नाही." खाली आणखी एक ओळ. संस्थेला जमत नसल्यास तिथल्या पुरुषांना नांदेडच्या सरकारी गृहात आणि स्त्रियांना औरंगाबादच्या गृहात वर्ग करावे. वर्ग करणं म्हणजे नेऊन सोडणं. कुणी? निरीक्षकानं. म्हणजे मी.

'पाणी मुबलक' या दोन शब्दांची नक्कल तहसिलात गेली होती. सरकारात एवढी चपळाई मी एरवी कधी पाहिली नाही. दुसऱ्याच दिवसापासून अर्धा टँकरही बंद झाला.

अप्पांनी आदेश वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"म्हंजे पाठकसाहेब, तुमी आमाला इतकं चांगलं दाखिवलं की आमी मेलोच."

"अप्पा, तुम्हाला किती दिवस काढता येतील?"

"मोंढ्यात आवक न्हाई. गाडीवर एक पिंप पानी मी रोज लावतो, जवारी हाय थोडी. पाडव्यापत्तूर रेटतो. पुढं न्हाई जमायचं. खोटं कशाला बोलू?"

सोजरबाई खांबाला टेकून ऐकत होती. "वर्ग म्हंजे काय वो, सायब?"

मी सांगितलं.

"ह्यांला नांदेडला. आन् मला?"

"औरंगाबादला."

"मंग ह्यांला मोरीपत्तूर कोन न्हेनार?"

"तिथं माणसं असतात कामाला."

"जाऊ दे की," केरबा मधेच म्हणाला. "जलमभर हिची कटकट ऐकली. कानाला तेवढाच इसावा."

बोलला खरा. पण बोलताना त्यानं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मी निघेपर्यंत ते सोडलं नाही.

मी साहेबांकडं गेलो.

"साहेब, हा शेरा..."

"वाचता येतोय ना?"

"त्या गाद्या भाड्याच्या होत्या साहेब. खाटासुद्धा."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"मेहुणीच्या लग्नात आम्ही त्याच केंद्राची बिछायत घेतली होती. ज्या लोडाला तुम्ही मला टेकवलं, त्याच्यावरचा चहाचा डाग माझ्या हातचा आहे."

 मी विचारलं, "मग तसं लिहिलं का नाही, साहेब?"

"काय लिहू? निरीक्षकानं खोटं दाखवलं असं लिहू? नोकरी जाईल तुमची." हे ते इतक्या मायेनं म्हणाले की मी थँक्यू म्हणायच्या बेतात होतो. "पाठक, जिल्हा नवा आहे. तरतूद अपुरी आहे. संस्था तीन. दोघींच्या पत्र्यातून आभाळ दिसतं. तिसरीत तुम्ही मला मखमलीवर बसवलं. आता तुम्हीच सांगा, मी कुणाचे पैसे कापू?"

"पुन्हा एकदा तपासणी केली तर?"

"तक्रार असल्याशिवाय दुसरी तपासणी होत नाही. आणि तुमच्या संस्थेत सगळे सुखी आहेत. त्या आजीनं सांगितलंय."

मी "जी साहेब" म्हणून बाहेर आलो. मनात म्हटलं, चूक आपली आहे. निदान त्या दोन संस्थांच्या पत्र्याला तरी पैसे लागतील. या समाधानावर मी तीन आठवडे झोपलो. मी समाधानी माणूस आहे, हा माझा मोठा दोष.

मार्च एंड तुम्हाला ऐकून माहीत असेल. एकतीस मार्चला सरकारी वर्ष संपतं. तोवर न खर्चलेले पैसे वरती परत जातात. म्हणून शेवटच्या आठवड्यात जो तो मिळेल त्यावर खर्च करतो. प्रत्येक कामाच्या खर्चाचं वेगळं खातं असतं, त्याला हेड म्हणतात. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडं वळवायचे असले की त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. शब्द एवढा मोठा ठेवलाय तो कुणी उच्चारून विचारू नये म्हणून, अशी माझी समजूत आहे.

एक दिवस ऑफिसात आलो तर माजघराच्या खिडकीत नवा कोरा कूलर. दाराला पडदे. साहेबांच्या टेबलावर काच. शिपाई कूलरमध्ये घागर उपडी करत होता. ती संपली, त्यानं दुसरी आणली.

मी हेडक्लार्कना विचारलं, "हे कुठून आलं?"

"निवाऱ्याच्या हेडमधून वळवले. पैसे परत गेले असते ना."

"आणि त्या दोन संस्था?"

"त्यांचं पुढल्या वर्षी बघू म्हणले साहेब."

म्हणजे आभाळ दिसणाऱ्या पत्र्यांना काही मिळालं नव्हतं. आम्हाला काही मिळालं नव्हतं. बेघरांच्या नावानं आलेल्या पैशांनी एका घर असलेल्या माणसाला गार वारा दिला होता, आणि त्या वाऱ्याला रोज घागरीनं पाणी लागत होतं. गोदामात तेव्हा माणशी दोन तांबे पाणी मिळायचं. तेच प्यायचं, त्यातच तोंड धुवायचं.

एरवी मला राग आला की मी रजेचा अर्ज लिहितो आणि फाडून टाकतो. त्या दिवशी अर्ज लिहायलाही हात चालेना. सर्वांत जास्त राग याचा, की मला साहेबांना बोल लावायला तोंड नव्हतं. चाकू त्यांनी चालवला, पण धार मी लावून दिली होती. मी मागून मान हलवली नसती तर सोजरबाई बिचारी खरं बोलली असती. तिला खोटं बोलायला मी शिकवलं.

मी हेडक्लार्कना हळूच विचारलं, "साहेबांविरुद्ध वरती तक्रार केली तर?"

"ती खुलाशासाठी साहेबांकडंच येईल."

"आणि निरीक्षकाविरुद्ध?"

ते हसले. "तिच्यासाठी विभागीय ऑफिसचे लोक जीप काढून येतील. लहान माणसाची चौकशी करायला सगळ्यांनाच आवडतं."

त्याच दुपारी मी अप्पांच्या अडतीवर गादीवर बसून माझ्याविरुद्धची तक्रार लिहायला घेतली. अप्पा कोपऱ्यात शेंगा सोलत होते. पहिला परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा सोलायचे थांबले.

"पाठकसाहेब, डोकं ठिकानावर हाय का? सोताच्याच नावानं बोंब मारायलाव?"

"सही तुमची पाहिजे."

"मी न्हाई करनार. खोट्या कागदावर सही करत नसतो मी."

"खोटं काय आहे? एक वाक्य दाखवा."

अप्पांनी कागद डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. "तपासणीच्या वेळी भाड्याने आणलेल्या गाद्या व खाटा संस्थेच्या म्हणून दाखवल्या... हे खरं. हौद एक दिवसापुरता भरून घेतला... हे बी खरं. सदर निरीक्षक हा दिखाऊ, बढाईखोर व वरिष्ठांची खुशामत करण्यात पटाईत असून..." ते थांबले. माझ्याकडं वरून खाली पाहिलं. "हे तर लईच खरं हाय."

"मग करा सही."

"तुमच्या घरी लेकरंबाळं हायत की वो."

"माझी नोकरी जात नाही. फार तर इन्क्रिमेंट थांबवतील. सोजरबाईला औरंगाबादच्या गाडीत मी बसवायचंय अप्पा. मला ते जमणार नाही."

अप्पांनी टरफलं एका बाजूला लोटली. मग म्हणाले, "खाली एवढं लिवा, मानूस मनानं वंगाळ न्हाई."

"नको. त्यानं तक्रार कच्ची होते."

त्यांनी सही केली. घरच्या कन्नडमधून काहीतरी पुटपुटलेही. शिवी होती की प्रार्थना, ते मी विचारलं नाही.

हेडक्लार्कचं म्हणणं खरं निघालं. पाडवा उलटला नाही तोच विभागाचे चौकशी अधिकारी आगाऊ न कळवता हजर झाले. दुपारची वेळ, ऊन नुसतं भाजत होतं. त्यांनी आमच्या साहेबांना आणि मला जीपमध्ये घेतलं आणि थेट गोदाम गाठलं. मी मनात घोकत होतो: सगळं उघडंवाघडं दिसू दे, पसारा दिसू दे, दैना दिसू दे.

आत पाऊल टाकलं आणि माझं घोकणं थांबलं. गोदाम लख्ख झाडलेलं. पोत्यांच्या घड्या भिंतीशी एकावर एक. पितळी राखेनं घासून चकचकीत केलेल्या. सोजरबाई धुवट लुगडं नेसून उभी. पाणी नसताना तिनं ते कधी आणि कशात धुतलं होतं कोण जाणे.

"स्वच्छ आहे की सगळं," चौकशी अधिकारी म्हणाले. आमचे साहेब माझ्याकडं पाहून किंचित हसले. ते हसू मला अजून दिसतं.

मी सोजरबाईच्या कानाशी गेलो. "सोजरबाई, जरा..."

"काय जरा?" ती मोठ्यानं म्हणाली. "आदी म्हनलाव, झकपक दिसा. आता काय घान करून बसू? गबाळं दिसल्याबिगर सरकार भाकर देत न्हाई का?"

"काय म्हणताहेत या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब," मी म्हणालो. माझ्या तोंडातून आपोआप तेच निघतं.

उन्हातून आलेला माणूस म्हणून सोजरबाई तांब्याभर पाणी घेऊन आली. अधिकाऱ्यांनी पायरीवर उभं राहून चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली. उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि शेवटचे दोन घोट धुळीच्या बुटांवर ओतले. त्यांच्यात दुष्टपणा नव्हता. आपण सगळे असंच करतो.

पायरीच्या कडेला केरबा बसला होता. त्यानं मान वळवली.

"कुनी पानी सांडलं गं?"

"सायबांनी तोंड धुतलं."

"कोन्चा तांब्या व्हता?"

"आपला."

केरबानं थोडा विचार केला. "बरं झालं," तो म्हणाला. "ऊन लई हाय. आपलं काय, सांच्याला गाडी येतीच."

 अधिकाऱ्यांच्या हातात तांब्या तसाच होता. "अहो, आणखी आणा ना मग यांच्यासाठी," ते सोजरबाईला म्हणाले.

"न्हाई."

"हौद आहे ना तुमच्याकडं? मुबलक पाणी आहे म्हणून शेरा आहे."

"हाय की हौद," सोजरबाई म्हणाली. "जावा, बगा."

अधिकारी हौदाच्या कठड्यावर चढले. मागोमाग आमचे साहेब. मागोमाग मी. आत तळाला, जिथं सावली होती तिथं, एक म्हातारा तोंडावर पटका टाकून गाढ झोपला होता. कोरडा हौद हीच त्या दिवसांत गोदामातली सर्वांत गार जागा होती. आमची चाहूल लागून त्यानं पटका बाजूला केला.

"कोन हाय? टँकर आला का?"

अधिकाऱ्यांनी आमच्या साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "त्या दिवशी पाणी होतं, सर."

"त्या दिवशी," अधिकारी म्हणाले. बस्स एवढंच. मग खाली उतरून माझ्याकडं वळले. "हे नाटक तुमचं?"

"हो साहेब."

"आणि ही तक्रार?"

"ती अप्पांची."

ते दारात उभ्या असलेल्या अप्पांकडं वळले. "अप्पा, तुम्ही यात लिहिलेलं 'शासनाची हेतुपुरस्सर दिशाभूल' म्हणजे काय हो?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. "ते... पाठकसाहेबाला इचारा की."

अधिकाऱ्यांनी तक्रारीची घडी केली आणि खिशात ठेवली. 

टँकर चौथ्या दिवशी सुरू झाला. वर्ग करण्याचा आदेश रद्द झाला. अनुदान नव्या वर्षाच्या तरतुदीतून मंजूर झालं. त्या दोन संस्थांनाही विभागानं थोडंफार दिलं, कारण आता सगळ्या फायली उघडल्याच होत्या. माझं इन्क्रिमेंट थांबलं आणि बदली झाली माहूरकडं, परत नांदेड जिल्ह्यात, अगदी दुसऱ्या टोकाला. माझ्या मेमोत 'दिखाऊ व बढाईखोर' हे शब्द जसेच्या तसे उतरले होते. स्वतःचं गद्य सरकारी कागदावर पाहून लेखकाला जो आनंद व्हावा, तो मला फारसा झाला नाही.

आमच्या साहेबांना काय झालं? काही नाही. अहवालात लिहिलं होतं, की त्यांनी कनिष्ठावर विश्वास ठेवून शेरा दिला. कूलरचा तर उल्लेखही नव्हता. त्याचा हिशेब नियमात बसत होता. पुनर्विनियोजन कायदेशीर असतं. पुढच्या वर्षी साहेबांना प्रमोशन मिळालं. मला आजही कुणी 'नियमात बसतं' असं म्हणालं की माझे कान तापतात.

आणखी एक गोष्ट. मंजुरीचा आदेश नीट वाचला तर अनुदान 'बेघर पुरुषांसाठी' होतं. स्त्रियांसाठी वेगळी योजना, वेगळा हेड, आणि त्या हेडला नव्या जिल्ह्यात पैसेच नव्हते. बाकीच्या तीन-चार बायांना अप्पांनी आपल्या खर्चात धरलं. सोजरबाईचं नाव त्यांनी मदतनीस म्हणून लावलं. तिला मानधन सुरू झालं. मी माहूरहून रजेवर आलो तेव्हा ती हसत म्हणाली, "आता नवऱ्याला मोरीवर न्हेयाचे सरकार पैसे देतंय बगा. आदी फुकट न्हेत व्हते."

माझ्या जागी आलेल्या नव्या निरीक्षकानं लगेच अप्पांना पत्र पाठवलं. कर्मचाऱ्याला निवाऱ्यात मुक्काम करता येत नाही, सबब मदतनीस सोजरबाई यांनी राहण्याची व्यवस्था अन्यत्र करावी. बेघर असली तर पैसे नाहीत, कामावर असली तर जागा नाही. अप्पांनी उलट टपाली कळवलं: बाईची ड्यूटी रात्रपाळीची आहे. निरीक्षकानं विचारलं, मग दिवसा त्या तिथं का दिसतात? अप्पांनी कळवलं: दिवसपाळीचीही आहे. त्यावर पुढं काही विचारलं गेलं नाही. केरबा जाईपर्यंत दोघं त्याच गोदामात भांडत राहिली.

नोकरीत नव्यानं लागलेली मुलं कधीकधी सल्ला विचारायला येतात. मी त्यांना एकच सांगतो. वरती तक्रार करायचीच असेल तर स्वतःविरुद्ध करावी. तिची दखल ताबडतोब घेतली जाते.